आखाजीला न सांगितलेलं

आखाजीच्या रात्री झोका रिकामा झाला की
निंबाखाली पोरींचा एक खेळ असायचा:
प्रत्येकीनं एक गोष्ट सांगायची, घरात कुणालाच ठाऊक नसलेली.
चारुनं चोरलेल्या बांगड्या सांगितल्या,
मंगलानं एका ट्रकवाल्याचं नाव.
माझी पाळी आली की मला झोप यायची.

आता एक्केचाळीस सरलं. सांगते.

आमच्या मोटरघरात, स्टार्टरच्या पेटीमागे,
हॉर्लिक्सच्या बरणीत आई समुद्र ठेवायची.
बागूंग म्हणायची ती त्याला. मिठात मुरलेला जवळा,
गुलाबी, करडा, आणि वास असा की
झाकण फिरवलं तरी बांधावरचं कुत्रं उठून बसायचं.
घरात चातुर्मासात कांदासुद्धा बंद,
सिंधूकाकूच्या गळ्यात तुळशीची माळ.
म्हणून आम्ही दोघी रात्री पाणी धरायला जायचो
आणि थ्री-फेज येईपर्यंत
हिरवी कैरी त्यात बुडवून खायचो.
मग बडीशेप. मग हातांना केळीचा चीक.

तिचं नाव लिगाया. रेशनकार्डावर लीला.
बापू जुबेलला फिटर, ती तिथल्याच दवाखान्यात नर्स.
निंभोरा स्टेशनात पहिल्यांदा उतरली तेव्हा
फलाटावर केळीच्या घडांचे ढीग बघून म्हणे हसत सुटली,
एवढे समुद्र ओलांडून पुन्हा हेच!

केळफुलाला तिच्याकडे पुसो म्हणतात.
पुसो म्हणजे काळीजही.
हे तिनं भाजी निवडता निवडता सांगितलं, सहज,
आणि विळीवर एक पाकळी सोलली.
त्या दिवशी मी जेवले नाही.
"काय झालं व पोरी?" काकू विचारत राहिली.
काय सांगणार होते?

पाचवीत मी वर्गात सांगितलं, माझी आई दार्जिलिंगची.
भारताच्या नकाशात ते निदान सापडायचं.
घरी मी हे बोलले नव्हते.
पालकसभेत लोढेबाई म्हणाल्या,
"तुमच्याकडे थंडी फार असेल ना हो?"
आईनं एकदाच माझ्याकडे बघितलं.
"फार," ती म्हणाली, "दूध गोठून जाते."
बर्फ तिनं फक्त फ्रिजमध्ये पाहिलेला.
पुढची सहा वर्षं ती ते गाव बांधत राहिली:
उतारावरची शाळा, एक लंगडं खेचर,
चहाच्या मळ्यातला मामा.
मामा खरा होता. मळा नारळाचा होता.
घरी येताना वाटेत ती एकदाही काही बोलली नाही.
हे सगळ्यात जड आहे, म्हणून मधेच सांगून टाकलं.

हलकंही आहे थोडं.
एकतीस डिसेंबरला रात्री बारा वाजता
आम्ही धाब्यावर उड्या मारायचो, उंची वाढावी म्हणून.
खाली बापूंच्या अंथरुणावर माती पडायची.
उंची वाढली नाही.
अजून मी बोटानं नाही, ओठांनी दिशा दाखवते,
सासरी पाचोऱ्याला वाटतं, तोंड वेंगाडते.

आई गेल्यावर, तेराव्यानंतर,
बरणी फेकून द्यावी म्हणून मोटरघरात गेले.
तळाशी बोटभर उरलं होतं.
झाकणाला नवं रबर, वर सुतळीनं बांधलेलं फडकं, धुतलेलं.
आई तर आठ महिने अंथरुणातून उठली नव्हती.
परत आले तर काकू ओट्यावर वाती वळत होती.
माझ्या हातात बघितलं, माळ सावरली,
"उंदरं शिरतीन व त्यात, म्हनून,"
एवढंच म्हणाली.

आणि एक.
बागेत वारूळ आलं की आई थांबायची,
"ताबी-ताबी पो" म्हणायची,
तिथं राहणाऱ्या न दिसणाऱ्या म्हाताऱ्यांना:
जरा वाट द्या, मालक.
घड कापणाऱ्या रुमसिंग बारेलानं एकदा विचारलं,
कुणाशी बोलता?
तिनं सांगितलं. तो हसला नाही.
सातपुड्यातही विचारूनच पाय टाकतात, म्हणाला.

परवा बागेत गेले होते.
रुमसिंग थकलाय, विळा आता नातवाकडे.
वारुळाजवळ त्यानं पोराला दंड धरून मागं ओढलं
आणि खाली बघून पुटपुटला,
"ताबीताबी बो."

मी दुरुस्त केलं नाही.